हमीदभाई, तुम्हाला कोणी विचारले होते?

हमीदभाई,

परवा तुमची शोकसभा झाली. तुम्ही हयात असतात तर मध्येच उठून, व्यासपीठासमोरूनच, गुडघा ओढत निघून गेला असतात. मला ती सोय नव्हती. तहसील कचेरीसमोर तीस वर्षे बसणाऱ्या अर्जनवीसाला गावातल्या प्रत्येक सभेत शेवटपर्यंत बसावे लागते, कारण व्यासपीठावरचा प्रत्येक इसम कधी ना कधी त्याचे गिऱ्हाईक असतो. सबब मी बसलो. दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली.

जे बोलले त्यांच्यापैकी एकानेही तुम्हाला चेंडूला पाय लावताना पाहिलेले नव्हते. एकाने तर तुम्हाला हॉकीपटू करून टाकले. शेजारच्याने सदरा ओढल्यावर त्याने 'हॉकीसुद्धा' अशी दुरुस्ती केली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षमहाशयांनी तुमच्या कपाळावरच्या काळ्या डागाचा गौरवाने उल्लेख केला. पाच वक्त नमाजाची ती साक्ष आहे म्हणाले. मला हसू आवरेना, म्हणून मी रुमाल तोंडाला लावला. लोकांना वाटले, अर्जनवीस रडतो आहे.

तो डाग नमाजाचा नाही हे तुम्ही गावातल्या निम्म्या लोकांना स्वतः सांगितले होते. खुद्द मौलानांनी एकदा टपरीवर त्या डागाचे कौतुक केले, तेव्हा तुम्ही बशीतला चहा खाली ठेवून म्हणालात, "न्हाय जनाब, नमाजाचा लई तर चार आण्याचा असंल. बाकीचा वादीचा हाय." मग त्या बिचाऱ्यांना समजावून सांगितलेत की पूर्वीचा चेंडू जाड कातड्याचा असे, त्याचे तोंड कातडी वादीने आवळलेले असे, पाऊस पडला की तो दगडासारखा जड होई, आणि अशा चेंडूला वर्षानुवर्षे डोके लावले की कपाळावर वादीची खूण उठते. मौलाना नुसते "अच्छा" म्हणाले. मिळालेली इज्जत परत करण्याची एवढी घाई मी दुसऱ्या कोणत्याही माणसात पाहिलेली नाही.

तुमचा जीवनवृत्तांत मी येथे देणार नाही. तो वर्तमानपत्रात आला आहे आणि सपशेल चुकीचा आहे. मला तुमच्याशी एक भांडण पुरे करायचे आहे. ते अर्धे टाकून तुम्ही गेलात. हा तुमचा नेहमीचा बेजबाबदारपणा.

आपली ओळख एका अर्जातून झाली. महामार्गावर तुमचे ट्रकच्या सीटकव्हरचे दुकान होते. रेक्झिनचा वास अंगाला घेऊन तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात आणि ज्येष्ठ खेळाडूला एसटीच्या प्रवासात काही सवलत मिळते का, असे विचारलेत. मी तुम्हाला बसवले, माहिती घेतली आणि मसुदा केला. माझे शिक्षण नववीपर्यंतचे, परंतु माझ्या मसुद्याला धाराशिवच्या नामांकित वकिलांनीही कधी हात लावलेला नाही. 'सदर अर्जदार हे राष्ट्रीय कीर्तीचे फुटबॉलपटू असून' अशी मी सुरुवात केली होती. तुम्ही बोट ठेवलेत.

"वकीलसाब, ही राष्ट्रीय कीर्ती कुणाची?"

"तुमची."

"माझी कुठली आली? हैदराबादच्या भाईर म्या तीन डाव गेलो खेळाया. त्यातल्या एका डावात बाकड्यावर बसूनच आलो. काटा ते."

"काटता येत नाही. साहेबांवर छाप पडली पाहिजे."

"मग 'बाकड्यावर बसून आला' हे बी लिवा. ते वाचून बी छाप पडंल."

मी वकील नाही, हे तुम्हाला पक्के ठाऊक होते. तरी त्या दिवसापासून तुम्ही मला वकीलसाब म्हणू लागलात, आणि त्यात चेष्टा किती व मान किती याचा निर्णय मला अखेरपर्यंत करता आला नाही. सवलत तुम्हाला मिळाली नाही. अर्ज खरा होता, एवढाच काय तो त्यात दोष होता.

माझ्या व्यवसायाचा पाया एका नियमावर उभा आहे: कार्यालयाने जे विचारलेले नाही ते लिहू नये. विचारले तर तेवढ्यापुरते उत्तर द्यावे. हा नियम मी अनेक अडाणी माणसांना शिकवला आणि ती तरून गेली. तुम्ही उर्दू वाचत होता, मराठी लिहीत होता, तेलुगूत शिव्या देत होता. तुम्हाला मात्र तो शिकवता आला नाही. का आला नाही, हे तुमच्या त्या अंतिम सामन्याच्या हकिकतीवरून माझ्या ध्यानात आले.

ती हकीकत मी तुमच्याकडून टपरीवर, दुपारच्या नमाजानंतरच्या चहाला, इतक्या वेळा ऐकली आहे की शपथेवर साक्ष देऊ शकेन. हैदराबादेत एका मोठ्या खात्याच्या संघात तुम्ही डाव्या टोकाला खेळत होता. कागदावर तुम्ही शिपाई, प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ मैदान. खेळणे हीच तुमची नोकरी. सामना अखेरचा, पाऊस पडून गेलेला, दोन्ही बाजू बरोबरीत. उजवीकडून चेंडू आला, तुम्ही झेपावलात, पाय घसरला, चेंडू तुमच्या मनगटाला लागून आत गेला. पंचाने गोल दिला. लोक टोप्या उडवू लागले. तुमच्या अंगावर तुमचेच लोक पडले. त्या ढिगाऱ्यातून तुम्ही बाहेर आलात, चालत पंचापाशी गेलात आणि म्हणालात, "हाथ लगा, साब."

गोल रद्द झाला. सामना हरलात. संघ सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने सोमवारी तुम्हाला अभिलेख कक्षात बसवले. कागदावरचा शिपाई खरोखरीचा शिपाई झाला. पुढच्या मोसमात खेळवले ते नावापुरते. त्यात गुडघा गेला, आणि तुम्ही बायकोला व तान्ह्या मुलीला घेऊन महामार्गावरच्या या धुळीत परत आलात.

"पंचाने विचारले होते?" हा माझा प्रश्न.

"न्हाय."

"कोणी पाहिले होते?"

"अल्ला."

"त्यांनी तक्रार अर्ज दिला असता का?"

यावर तुम्ही हसायचात, टपरीवाला हसायचा, आणि मुद्दा तसाच राहायचा. मी मात्र गंभीर होतो. अकरा माणसांनी वर्षभर घाम गाळला आणि एका माणसाने आपल्या मनगटाची शुचिता राखण्यासाठी तो मातीत घातला. याला मी सचोटी म्हणत नाही. मी याला चैन म्हणतो. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितले आहे, आणि आता मागे सांगताना एक अक्षर बदलत नाही.

या सगळ्याचे मूळ तो दारुडा गोरा.

हैदराबादेत तुम्हाला खेळ शिकवणारे तुमचे उस्ताद लहान असताना त्यांना सिकंदराबादच्या छावणीतल्या एका इंग्रज सोल्जराने चेंडू शिकवला होता. उस्ताद त्याला हॅरीसाब म्हणत. तुमच्या तोंडून त्या माणसाचा सारा जन्म मी इतक्या वेळा ऐकला की माझ्या सख्ख्या आजोबांबद्दल मला तेवढे ठाऊक नाही. कोळशाच्या खाणीतला पोरगा. पहिले महायुद्ध संपले आणि दुसरे लागले नव्हते, त्या मधल्या काळात तो विलायतेत पगार घेऊन चेंडू खेळला. पगार ठरलेला, कितीही चांगला खेळला तरी त्याच्या वर एक पैसा द्यायचा नाही असा कायदा. एका क्लबाने त्याला दुसऱ्या क्लबाला विकले, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्याला कळले ते गाडीत बसताना. "बाजारात बैलाला बी पुसत न्हाईत, तसं," तुम्ही म्हणायचात. हिवाळ्यात चिखल, गोठलेली मैदाने, अंगावर लोकरीचा ओला सदरा. त्याचाही गुडघाच गेला. क्लबाने एक घड्याळ देऊन घरी पाठवले. मग दारूच्या गुत्त्यात पेले भरणे, मग दुसऱ्या युद्धात भरती, मग सिकंदराबाद.

त्या हॅरीसाबने आपल्या उमेदीत एका मोठ्या सामन्यात हाताने गोल केला होता. पंचाने पाहिले नाही. तो गप्प राहिला. त्याचा क्लब जिंकला, गावाने त्याला खांद्यावर घेतले, एका खाणावळीने त्याला वर्षभर फुकट जेवू घातले. माझ्या मते येथे गोष्ट संपते. सुखाने संपते. परंतु तुमच्या उस्तादांनी त्याच्या पुढचीच गोष्ट सांगितली: हा माणूस वीस वर्षांनी, सहा हजार मैलांवर, ज्याला त्याची भाषा धड कळत नाही अशा एका हैदराबादी पोराला रोज संध्याकाळी आपले मनगट दाखवायचा आणि म्हणायचा, इथे लागला होता, इथे.

"बगा वकीलसाब," तुम्ही म्हणायचात, "त्यानं एकाला सांगितलं न्हाय, म्हनून त्याला समद्या दुनियेला सांगत फिरावं लागलं. म्या एकदाच सांगितलं. सुटलो."

"सुटलात आणि ट्रकच्या गाद्या शिवत बसलात."

"ट्रकच्या गाद्या काय वंगाळ हायत का? मूळव्याधवाल्यानं तर बोलूच नये."

टपरीवर त्या दिवशी माझी जी शोभा झाली ती मी विसरलेलो नाही. मला तो विकार आहे हे तुम्हाला कोणी सांगितले, ते मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तुमची मुलगी नसरीन माझ्या टेबलापाशी एक बैठक घेऊन आली. मधोमध खळगा ठेवलेली, कडेने दुहेरी टीप घातलेली. दुकानातल्या मशीनवर तुम्ही बापलेकीने मिळून शिवली होती. नसरीन तेव्हा नवऱ्याच्या पश्चात नुकतीच माहेरी आली होती, आणि दुकानाचे निम्मे काम तिच्याच हातात आले होते. "अब्बा बोलले, काकांना द्ये, पर लोकांसमोर नको," असे ती संपूर्ण कचेरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. घराण्याचीच खोड. त्या बैठकीमुळे मी गेली काही वर्षे सलग बसून अर्ज लिहू शकलो. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. ते येथे मानतो. त्याने मूळ वादात काही फरक पडत नाही.

आता त्या मैदानाबद्दल.

बाजारतळामागचे ते मैदान म्हणजे बोरी, बाभळी, दगड आणि गोलाच्या दोन वाकड्या बल्ल्या. त्याला मैदान म्हणण्याइतका मी उदार नाही. परंतु दुकान बंद केल्यावर तुम्ही रोज तिथे जात होता आणि पोरांना चेंडू जमिनीसरपट, लहान लहान टप्प्यांत, एकमेकांकडे द्यायला शिकवत होता. तुमच्या हैदराबादेत तसा खेळत म्हणे. त्या जागेवर व्यापारी संकुल बांधण्याची जाहीर सूचना लागली आणि हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला. माझ्या टेबलापाशी तुम्ही आलात तो चेहरा घेऊनच. तुम्ही मला हरकत लिहायला सांगितलीत. मी फी घेतली नाही. माझ्या कारकिर्दीतला तो सर्वोत्कृष्ट मसुदा होता. 'सदर क्रीडांगणावर गावातील शेकडो मुले-मुली दररोज नियमित सराव करीत असून' हे वाक्य लिहिताना माझाच ऊर भरून आला. तुम्ही घाईत सही केलीत. तुम्हाला नमाजाला जायचे होते. मी वाचून दाखवायला विसरलो असे समजा. विसरलो नव्हतो.

सुनावणीला संकुलवाल्यांचा वकील होता, फायलींचा गठ्ठा होता, आणि आपण दोघे. साहेबांनी आपली हरकत वाचायला घेतली. 'शेकडो मुले-मुली दररोज' हे शब्द त्यांनी मोठ्याने वाचले. मान हलवली. आणि पान उलटले. पान उलटले होते, हमीदभाई! वकिलाचेही लक्ष मोबाईलमध्ये होते. सगळे पार पडले होते. आणि तेवढ्यात तुम्ही खुर्चीचा हात धरून उभे राहिलात.

"साहेब, ते शेकडो न्हाईत."

"काय म्हणालात?"

"पोरं. शेकडो न्हाईत. पूर्वी दोन टीमा व्हायच्या. आता पाच-सहा येत्यात. मोबाईलमुळं."

"रोज?"

"रोज येत्यात. पर तेवढीच."

साहेबांनी उलटलेले पान परत उलटले. वकिलाने मोबाईल खिशात घातला. पाच-सहा मुलांसाठी महामार्गालगतची एवढी जागा अडवून ठेवावी काय, या एका प्रश्नापुढे माझा तीन पानी मसुदा रद्दीच्या भावाचा झाला. निकाल काही दिवसांनी आला. मला तो वाचावा लागला नाही. साहेबांनी पान परत उलटले तेव्हाच तो माझ्या कानावर आला होता.

बाहेर व्हरांड्यात मी तुम्हाला जे बोललो ते बऱ्याच लोकांनी ऐकले. "तुम्हाला कोणी विचारले होते?" एवढेच मी तीन वेळा विचारले, दरवेळी आवाज वाढवून.

"कुनी न्हाय," तुम्ही म्हणालात.

"मग त्या पोरांचे मैदान तुम्ही कोणाच्या परवानगीने घालवलेत?"

हैदराबादच्या मैदानावर तुम्ही दहा जणांबरोबर स्वतःचेही घालवलेत. येथे घालवलेत ते नुसते दुसऱ्यांचे. हा फरक तुमच्या ध्यानात आला होता. तुमचा चेहरा मी पाहत होतो. तुम्ही म्हणालात, "चला, चहा घिऊ." मी म्हणालो, मला कामे आहेत.

त्यानंतर टपरीवर जाण्याची वेळ मी बदलली. रस्त्यापलीकडून तुम्ही रोज हात वर करत होता, आणि मी कागदात डोके घालत होतो. योग्यच करत होतो असे माझे आजही मत आहे. ज्याने स्वतःच्या हाताने वाद गमावला, त्याच्याशी गोड बोलून त्याला तो वाद जिंकल्यासारखे वाटू देणे हा अन्याय असतो. तुम्ही हात वर करणे थांबवले नाही, एवढीच अडचण होती. मग एके सकाळी दुकान बंद दिसले, आणि टपरीवाल्याने मी न विचारताच सांगितले.

कब्रस्तानात मी आलो होतो. मागे उभा राहिलो. माती द्यायची वेळ आली तेव्हा कोणीतरी मला पुढे सरकवले. मूठभर माती माझ्या हातून एकदम पडली नाही, थोडी थोडी पडली. एवढेच.

तर परवाची सभा. डागाचे कौतुक संपल्यावर अध्यक्षमहाशयांनी घोषणा केली. मैदानाच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या व्यापारी संकुलाला तुमचे नाव. दर्शनी भागावर संगमरवरी पाटी, आणि तिच्यावर कोरायचा मजकूर: हैदराबादच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करणारे या मातीचे सुपुत्र. "त्याचा प्रस्ताव आपले अर्जनवीस लिहून देतील," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. मी उठून नमस्कार केला.

खरे सांगतो, हमीदभाई, मला ती पाटी आवडली. ज्यांनी तुमचे मैदान घेतले त्यांच्याच भिंतीवर तुमचे नाव लागावे, यात किती निर्लज्जपणा आहे हे मला कळत होते. अशा निर्लज्जपणाच्या आधारावर मी तीस वर्षे पोट भरले आहे. परंतु तो गोल! इतकी वर्षे मी टपरीवर तो तुमच्या पदरात घालायचा प्रयत्न करत होतो आणि तुम्ही घेत नव्हता. आता तुम्ही नकार द्यायला नव्हता. मी मनातल्या मनात 'विजयी'च्या आधी 'निर्णायक' हा शब्दही घातला.

बायकांच्या बाजूने नसरीन उभी राहिली.

"साहेब, तो गोल झाला न्हवता."

अध्यक्ष म्हणाले, "बसा ताई. आम्ही तुमच्या भावना समजू शकतो."

"भावना न्हाईत साहेब. बॉल हाताला लागला होता. अब्बांनी सोता सांगितलं पंचाला. ती मॅच हरले ते."

"ताई, हा मोठेपणाचा प्रसंग आहे..."

"व्हय. म्हनूनच सांगाय लागले. आन् पाटी लावायचीच तर मैदानाला लावा. दुकानांना लावून काय करायचं? अब्बा काय व्यापारी हुते?"

मंडपात कोणाचा तरी मोबाईल वाजू लागला आणि त्याला तो बंद करता येईना. त्याचा मला मोठा आधार वाटला. आभारप्रदर्शन उरकले. चहा वाटला गेला. पाटीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. आज सकाळी कळले की संकुलाला दुसरे नाव सुचले आहे, हयात माणसाचे. तुमच्या घराण्याने एकाच गोलावर दोनदा पाणी सोडले. माझ्या पाहण्यात असे दुसरे उदाहरण नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, ती माझ्या टेबलापाशी आली. मी तिच्याकडे पाहिले नाही. तिने निकालाची प्रत समोर ठेवली.

"काका, धाराशिवला अपील करता येतं म्हनं. मुदत हाय अजून."

"करता येते. टिकत नाही. तुमच्या वडिलांचा जबाब त्यात नोंदलेला आहे."

"मग तोच धरून लिवा. हायत तेवढी पोरं लिवा."

"किती आहेत?"

"संध्याकाळी या, मोजा आन् लिवा."

अर्जनवीस कधी स्थळपाहणी करत नाही. अर्जदार सांगतो, आम्ही लिहितो. त्यात आमचे संरक्षण असते. तरी मी गेलो, कारण ही बाई पुन्हा मोठ्याने काहीतरी बोलली असती. धुळीतून, बाभळीचे काटे चुकवत गेलो. पोरे खेळत होती. त्यांच्या चेंडूला जागोजागी ट्रकच्या सीटचे लाल रेक्झिन लावलेले होते आणि त्यावरची टीप माझ्या ओळखीची होती. चेंडू जमिनीसरपट जात होता, याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिच्याकडे. कोणी ओरडत नव्हते. मला खेळातले काही कळत नाही. परंतु दर वेळी ज्याला चेंडू हवा असे तो तिथे आधीच उभा असे, हे माझ्याही लक्षात आले. मी बराच वेळ पाहत राहिलो. कशासाठी आलो होतो ते आठवल्यावर कागद काढला, मोजले आणि 'सात' असे लिहिले.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी पळता पळता माझ्यापाशी थांबली. धापा टाकत तिने कागदात डोकावले.

"सात कुठं, आजोबा? त्यो बल्लीजवळचा धरू नगा. त्यो खेळत न्हाय. भावाची चप्पल राखत बसलाय."

एवढे बोलून ती गेलीसुद्धा. मी बल्लीजवळ पाहिले. चपलांच्या ढिगाशेजारी एक पोरगा बसला होता, शेंगा खात. मी सात खोडले.

अपील तयार आहे. इतका दुबळा मसुदा माझ्या हातून आजवर उतरलेला नाही. त्यात एकही विशेषण नाही. 'सदर जागेवर सध्या सहा मुले-मुली रोज फुटबॉल खेळतात व त्यांना खेळण्यास दुसरी जागा नाही' हे मुख्य कलम आहे. तुमच्याविषयी एकच ओळ आहे: हमीद यांनी येथे मुलांना शिकवले. नसरीनने ते दोनदा वाचले आणि सही केली. टपालाने पाठवणार नाही. सोमवारच्या एसटीने मी स्वतः धाराशिवला जाऊन दाखल करणार आहे, आणि तारीख लागेल तेव्हा तिच्याबरोबर उभाही राहणार आहे.

टिकण्याची शक्यता मला दिसत नाही. आमच्या बाजूने असलेला मुद्दा म्हणायचा तर एकच आहे. या खेपेला मध्येच खुर्चीचा हात धरून उभे राहायला तुम्ही तिथे नसाल. हे मी कालपासून कितीदा तरी मनाशी म्हणून पाहिले. त्यात दिलासा वाटायला हवा होता.